रात्रीचा तुरुंग बघायला जावं का? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात रात्रीच्या सहलींबद्दल लिहिताना शेवटी मी दोनच ओळी टाकल्या होत्या, की बंद पडलेला एखादा जुना तुरुंग रात्री टॉर्च घेऊन बघायचा योग आला तर सोडू नका. त्या दोन ओळींवर जेवढे प्रश्न आले तेवढे बाकी अख्ख्या लेखावर नाही आले! म्हणून या वेळची सगळी जागा त्यालाच देतेय. चार प्रश्न निवडलेत, त्यात बाकीच्यांचेही बरेचसे येऊन जातील.

ताई, माझी मुलगी ऑस्ट्रेलियात पर्थला असते, आम्ही दोघं तिच्याकडे दोन महिने चाललोय. ती म्हणते फ्रीमँटलच्या जुन्या जेलची रात्रीची टूर बुक करते. मी ६२ वर्षांची, गुडघे दुखतात, अंधाराची भीती लहानपणापासून. आमचे हे म्हणतात पैसे देऊन जेलमध्ये कोण जातं, आणि जिथे माणसं फासावर गेली तिथे रात्रीचं जाऊच नये. मला मात्र मनातून जावंसं वाटतंय. काय करू? – एक वाचिका, नौपाडा

काकू, जा. मनातून वाटतंय ना, मग जाच.

मी दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीबरोबर तिथे जाऊन आलेय म्हणून एवढं ठामपणे सांगते. तो तुरुंग कैद्यांनीच बांधलाय, म्हणजे इंग्लंडहून १८५० पासून जहाजं भरभरून माणसं शिक्षा म्हणून तिकडे पाठवली आणि त्यांच्याकडूनच तिथला चुनखडीचा दगड फोडून घेऊन त्यांच्याच कोठड्या त्यांच्याच हाताने बांधून घेतल्या. १८५५ मध्ये त्यात कैदी राहायला आले आणि १९९१ पर्यंत ते चालू होतं. आता २०१० पासून ते जागतिक वारसा यादीत आहे.

रात्री फाटकात आपल्याला टॉर्च देतात आणि गाईड पुढे चालतो. मुख्य इमारत चार मजली आणि इतकी लांब की टॉर्चचा उजेड टोकापर्यंत पोचतच नाही, दोन्ही बाजूला दारंच दारं, मधल्या मोकळ्या जागेत जाळी. मूळ कोठडी सात फूट बाय चार फूट. मी आत उभी राहून हात पसरायला गेले तर पूर्ण पसरायच्या आतच दोन्ही तळवे भिंतींना टेकले. सुरुवातीला तर तिथे कॉटसुद्धा नव्हती, झोळी टांगून झोपायचे. आणि मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट म्हणजे कोठडीत संडास कधीच नव्हता, बादली द्यायचे, रात्रभर ती बादली तिथेच, आणि हे अगदी १९९१ मध्ये तुरुंग बंद होईपर्यंत! म्हणजे आपल्याकडे रंगीत टीव्ही येऊन नऊ वर्षं झाली होती तेव्हाही तिथे माणूस बादलीशेजारी झोपत होता. १९८८ च्या जानेवारीत, म्हणजे त्यांच्या ऐन उन्हाळ्यात, तिथे मोठी दंगल झाली, पहारेकऱ्यांना ओलीस धरलं, छप्पर जळलं. ती कोठडी बघून आल्यावर मला त्या दंगलीचं नवल नाही वाटलं.

आता भीतीबद्दल. त्या टूरमध्ये एकदोन जागी मुद्दाम दचकवतात, काहीतरी अचानक आदळतं वगैरे, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवते म्हणजे छातीत धस्स होणार नाही. मला स्वतःला तो भाग आवडला नाही, त्याची तिथे काहीच गरज नाहीये. कारण खरी जी जागा आहे ना, फाशीची खोली, तिथे कोणाला काही करावंच लागत नाही. ४३ पुरुष आणि १ बाई, एवढ्यांना तिथे फाशी दिली, शेवटची १९६४ मध्ये. आमच्या ग्रुपमध्ये पंचविशीतली पोरं होती, तोपर्यंत एकमेकांच्या तोंडावर टॉर्च मारत हसत होती, त्या खोलीत शिरल्यावर सगळ्यांचे टॉर्च आपोआप खाली जमिनीकडे वळले. कोणी सांगितलं नव्हतं.

काकांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, आपण कोणाला पोचवायला स्मशानात जातो तेव्हा काही भुतं बघायला जात नाही, त्या माणसासाठी जातो. हेही तसंच समजा. आणि त्यांना मूनडाईन जोची गोष्ट सांगा, त्यांनाही जावंसं वाटेल. हा कैदी इतक्या वेळा पळाला की शेवटी त्याच्यासाठी खास जाड लाकडाची, खिळ्यांनी मढवलेली कोठडी केली, त्यातून तो आजारी पडायला लागला म्हणून अंगणात आणून त्याला दगड फोडायला बसवलं, आणि फोडलेल्या दगडांचा ढीग वाढत गेला तसा त्या ढिगाआड त्याने तुरुंगाची भिंतच फोडली आणि १८६७ मध्ये पळाला. आणि दिवसा वेळ मिळाला तर जेम्स वॉल्श या कैद्याची कोठडी विचारा. खोटी कागदपत्रं केली म्हणून आलेला माणूस, त्याने भिंतीवर फार सुंदर चित्रं काढली होती आणि ती जवळजवळ शंभर वर्षं चुन्याखाली झाकलेली राहिली, मग १९६० च्या दशकात सापडली.

गुडघ्यांसाठी एवढंच, बुकिंग करतानाच मुलीला पायऱ्यांबद्दल विचारायला सांगा, चप्पल नको, बूट घाला, आणि ग्रुपच्या शेवटी न राहता गाईडच्या मागेच चाला. त्याच जागी जमिनीखालच्या बोगद्यांचीही टूर असते, साधारण २० मीटर खाली शिडीने उतरतात, ती तुम्ही करू नका, मुलीला जाऊ दे.

आणि एक कराच. गाईडला विचारून एका कोठडीत शिरा, टॉर्च बंद करा आणि एक मिनिट नुसत्या उभ्या राहा. मी राहिले होते. पहिल्यांदा काहीच नाही, मग माझाच श्वास ऐकू यायला लागला, मग पर्सच्या चेनचा बारीक आवाज, आणि मग मला बाहेर उभ्या असलेल्या भाचीला हाक मारावीशी वाटली, काही कारण नसताना, ती तिथेच आहे ना एवढंच बघायला. एका मिनिटात.

हाय ताई, आम्ही ५ जण इंजिनिअरिंगला आहोत. ठाण्याचं जेल किती जुनं आहे, एकदम किल्ल्यासारखं आहे, ते रात्री बघता येतं का? नसेल तर आसपास एखादं पडीक जेल किंवा किल्ल्यातली तळघरं वगैरे, जिथे रात्री जाऊन शूट करता येईल? – एक वाचक, ऐरोली

मित्रा, ठाण्याचं जेल किल्ल्यासारखं नाहीये, तो किल्लाच आहे. १७३० च्या सुमारास पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला आणि पुढे त्याचं जेल केलं. पण ते बंद पडलेलं नाहीये, आत्ता तू हे वाचतोयस तेव्हाही आत माणसं आहेत, त्यांच्या बराकी आहेत, मुलाखतीच्या दिवशी फाटकाबाहेर त्यांच्या घरच्यांची रांग असते. त्यामुळे रात्रीच काय, दिवसाही ते टूरसारखं बघता येत नाही, आणि भिंतीजवळ जाऊन ड्रोन वगैरे उडवायचा विचारसुद्धा मनात आणू नका.

पण तू विचारलंस ते मला आवडलं कारण आपण ठाणेकर-नवी मुंबईकर त्या भिंतीवरून बसने, रिक्षाने शंभरदा जातो आणि आत काय झालं ते माहीतच नसतं. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे तिथे इंग्रजांच्या कैदेत होते. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई ठेवले होते, म्हणजे फितुरी नको. तर म्हणे एका मराठी मोतद्दाराने गोऱ्या अधिकाऱ्याकडे नोकरी धरली आणि त्रिंबकजींच्या खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता तो गाणं म्हणायचा, त्या गाण्यातच पळायचा सगळा बेत, आणि मराठी न समजणारे पहारेकरी बाजूला उभे! १८१६ मध्ये एका पावसाळी रात्री त्रिंबकजी भिंतीला भोक पाडून निसटले. ही गोष्ट इंग्रजांनीच लिहून ठेवलीय.

आणि दुसरी गोष्ट, जी मला त्या भिंतीजवळून जाताना दर वेळी आठवते. १९ एप्रिल १९१०. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना ठाण्याच्या जेलमध्ये फाशी दिली. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंताने गोळ्या घातल्या होत्या, म्हणजे चार महिन्यांच्या आत खटलाबिटला सगळं उरकून फाशी. अनंत अठरा वर्षांचा होता. तुमच्या वर्गातल्या सगळ्यात लहान मुलाएवढा. तिघांचे देह घरच्यांच्या हाती दिलेच नाहीत, जेलवाल्यांनीच खाडीच्या काठी जाळले. तुमचं शूट करायचंच असेल ना तर पाच जण दिवसाउजेडी कोर्टनाक्याच्या रस्त्यावर उभे राहा, जेलकडे कॅमेरा न फिरवता स्वतःच्या तोंडाने ही गोष्ट सांगा. माझ्या मते ते बघायला लोक थांबतील.

पडीक जागांचं म्हणशील तर माझं उत्तर नाही असं आहे आणि त्यात मी काही सूट देणार नाही. परवानगी नसताना शिरलात तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली तो गुन्हा ठरू शकतो, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि इंजिनिअरिंग करून नोकरीला लागताना व्हेरिफिकेशनच्या वेळी ते प्रकरण निघालं तर घरच्यांना काय सांगणार? पुरातत्त्व खात्याकडचे बहुतेक किल्ले सूर्यास्ताला बंद होतात. पण कायद्यापेक्षाही मला जमिनीची काळजी वाटते. जुन्या बांधकामात लाकडी तुळया आतून पोकळ झालेल्या असतात आणि वरून धड दिसतात, गवतात तोंड उघडी टाकलेली टाकी आणि विहिरी असतात, आपल्याकडच्या पावसात दगडावर शेवाळ आणि फटीत साप. वटवाघळांची विष्ठा साचलेल्या बंद खोलीत ती धूळ छातीत गेली तर फुप्फुसाचं दुखणं होऊ शकतं. मोबाईलच्या टॉर्चवर यातलं काहीच दिसत नाही. जिथे टूर असते तिथे आधी इंजिनिअरने जमीन तपासलेली असते, हा सगळा फरक आहे.

ताई, मी राज्याच्या कारागृह खात्यातून निवृत्त झालो. मुलगा अमेरिकेत फिलाडेल्फियाला आहे. तिथल्या जुन्या तुरुंगात ऑक्टोबरमध्ये रात्री भुताटकीचा कार्यक्रम असतो, तो मला हौसेने घेऊन जाणार म्हणतोय. मी आयुष्य जेलमध्ये काढलं, रात्रीच्या गिनतीला बराकीसमोर उभं राहिलो, बंदी कसे रडतात ते ऐकलंय. त्या जागेचा असा खेळ करणं मला पटत नाही. मुलाचं मन मोडायचं नाही पण जावंसंही वाटत नाही. – एक वाचक, खारघर

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही म्हणताय ते मला पटतं आणि ते मुलाला याच शब्दांत सांगायला हरकत नाही, तो दुखावणार नाही. उलट मला वाटतं बाबांनी नोकरीतलं एवढं त्याच्याशी कधी बोललेलंच नसेल.

ती जागा म्हणजे ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी. १८२९ ते १९७१ चालली. मधोमध चौक आणि तिथून चाकाच्या आऱ्यांसारख्या बराकी, जगभरातल्या कितीतरी तुरुंगांनी पुढे हाच नकाशा उचलला, त्यामुळे तुम्हाला ती जागा परकी वाटणार नाही. तिथली कल्पना अशी होती की माणसाला संपूर्ण एकटं ठेवलं की तो आपोआप पश्चात्ताप करेल. म्हणून एकेकाला वेगळी कोठडी, वर छताला एक छोटंसं उजेडाचं भोक, कोठडीबाहेर काढलं तर डोक्यावर बुरखा म्हणजे कोणी कोणाचं तोंड बघायचं नाही. पहिला कैदी चार्ल्स विल्यम्स, वय १८, एक घड्याळ आणि थोडं किडूकमिडूक चोरलं म्हणून दोन वर्षं. दोन वर्षं त्याने माणसाचा चेहरा नीट पाहिला नसेल. ही एकट्याची पद्धत त्यांनी १९१३ मध्ये अधिकृतपणे सोडली.

ऑक्टोबरचा कार्यक्रम १९९१ पासून चालत आलाय आणि खरं सांगायचं तर त्या पैशांतूनच पडझड झालेल्या त्या इमारतीची डागडुजी होत आली, हे मान्य करायला हवं. तरी तुम्ही त्याला जाऊ नका असंच मी म्हणेन. मुलाला सांगा आपण दिवसाच्या टूरला जाऊ. तिथे कानाला लावायचा ऑडिओ मिळतो आणि त्यात तिथे खरोखर नोकरी केलेल्या पहारेकऱ्यांचे आणि तिथे शिक्षा भोगलेल्या कैद्यांचे स्वतःचे आवाज आहेत. ते तुम्ही ऐकावं असं मला फार वाटतं. अंगणात १६ फूट उंच लोखंडी आलेख उभा केलाय, अमेरिकेत किती माणसं तुरुंगात आहेत ते दाखवणारा, त्याच्यापाशी मुलाबरोबर थोडा वेळ थांबा. आणि तुम्ही लिहिलेली ती गिनतीची गोष्ट तिथे त्याला सांगा.

परत आलात की मला नक्की लिहा, मी छापेन.

डिसेंबरमध्ये अंदमानला चाललोय, मुलं ८ आणि १२ वर्षांची. सेल्युलर जेलचा रात्रीचा लाईट अँड साउंड शो दाखवावा का? धाकटी घाबरट आहे. आणि सासूबाईंना विमान झेपत नाही, त्यांच्यासाठी जवळपास असं काही आहे का? – एक आई, कळवा

आधी सासूबाईंचं. पुण्याचं येरवडा जेल २६ जानेवारी २०२१ ला पर्यटनासाठी उघडलं, गांधीजींचं यार्ड, पुणे करार झाला ती जागा, लोकमान्य टिळकांची कोठडी दाखवतात. सुरुवातीला तिकीट शाळकरी मुलांना ५, कॉलेजला १० आणि बाकीच्यांना ५० रुपये ठेवलं होतं. ते चालू जेल आहे म्हणून दिवसाच, मोबाईल आत नाही, आणि आधी चौकशी करून परवानगी घेतल्याशिवाय पुण्याची गाडी पकडू नका.

आता अंदमान. शो दाखवाच. तिकडे डिसेंबरमध्ये सव्वापाचलाच अंधार पडतो त्यामुळे शो काही फार रात्रीचा नसतो, मुलं जागी असतात. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय, बुकिंग करताना दोन्ही नावं दिसतील, गोंधळू नका. पण माझं सांगणं असं की त्याच दिवशी दुपारी आधी जेल पायी फिरून घ्या. नुसता शो बघितला तर मुलांना दिवे आणि मोठे मोठे आवाज एवढंच लक्षात राहतं. शोमध्ये चाबकाचे, किंकाळ्यांचे आवाज आहेत, धाकटीला आधी सांगा की हे आवाज रेकॉर्ड केलेत, पण गोष्ट खरी आहे. ती तुमच्या मांडीवर बसून ऐकेल, काही होत नाही. मी माझ्या आईला घेऊन गेले होते, आई शोभर माझा हात धरून बसली होती, ७० वर्षांची.

हे जेल १८९६ ते १९०६ मध्ये बांधलं. सात बराकी होत्या, आता तीनच उरल्यात. एका बराकीच्या कोठड्यांची तोंडं दुसरीच्या पाठीकडे केलेली, म्हणजे समोर बघितलं तरी माणूस दिसू नये. एवढं पक्कं बांधकाम की सावरकर १९११ मध्ये तिथे गेले तेव्हा त्यांचे थोरले भाऊ बाबाराव आधीपासून त्याच जेलमध्ये होते, पण दोघांची भेट व्हायला जवळपास दोन वर्षं गेली. तुमच्या दोघा मुलांना हे जरूर सांगा, भाऊ-बहीण आहेत, त्यांना कळेल. थोरल्याला तिथल्या कैद्यांच्या १९३३ च्या उपोषणाबद्दल सांगता येईल, महावीर सिंग, मोहित मोइत्रा आणि मोहनकिशोर नमोदास हे तिघं नाकातून नळी घालून जबरदस्तीने दूध पाजल्यामुळे गेले. धाकटीला ते आत्ताच नको.

तिला कडी दाखवा. कोठडीच्या दाराला बाहेरून लांब लोखंडी दांडा आहे आणि तो दाराजवळ संपत नाही, भिंतीत आडवा पुढे जातो आणि हातभर लांब एका कोनाड्यात जाऊन अडकतो, कुलूप तिथे. मुद्दाम तसं केलंय. तिला आत उभं करा, गजांमधून हात बाहेर काढायला सांगा आणि म्हणा बघ कडीला हात पोचतो का. माझ्या आईने करून बघितलं होतं, खांद्यापर्यंत हात बाहेर काढला तरी चार बोटं राहतच होती, आणि ती बराच वेळ तशीच गजांना गाल लावून हात पुढे पुढे करत राहिली.